एडिसन आणि निकेलचा मुलामा

थॉमस आल्व्हा एडिसन ह्याचें नांव उच्चारतांच विजेचा दिवा डोळ्यांपुढें उभा राहतो. शाळेंतील लहान मुलांनाही त्याचा दिवा व त्याचें बोलणारें यंत्र हीं ठाऊक असतात. ह्या दोहोंविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. म्हणून येथें त्यांचा उल्लेख ओझरताच करावयाचा आहे. एडिसनच्या उत्तर आयुष्यांतील जवळ जवळ दहा वर्षें ज्या कामांत खर्चीं पडलीं, तें काम मात्र सामान्य वाचकांस फारसें परिचित नाहीं. एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर विजेच्या साह्यानें बसवावा आणि तो पुढें सुटूं नये, ही त्या कामांतील एक मोठी अडचण होती. ऐकावयास ती क्षुल्लक वाटते. वाळूज किंवा चिकलठाणा येथील कारखान्यांत ज्यांचे वडील काम करितात, अशा कित्येक विद्यार्थ्यांना मात्र तिचें महत्त्व वेगळें सांगावयास नको; मुलाम्याचे पोपडे निघाल्यामुळें परत आलेल्या मालाची गोष्ट त्यांच्या घरीं केव्हां ना केव्हां निघालीच असेल.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं ही अडचण काय आहे तें थोडक्यांत पाहूं. आमच्या शहराच्या जुन्या गल्ल्यांतून पूर्वीं कल्हईवाला येत असे. आज तो क्वचितच दिसतो. पण वाचकांच्या आजीआजोबांस त्याची आठवण असेल. तो तांब्यापितळेचें भांडें प्रथम घासून लख्ख करी, भट्टीवर तापवी, त्यांत नवसागराची पूड टाकी आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतांच कथलाचा तुकडा टेकवून तो कापसाच्या बोळ्यानें सर्वत्र पसरी. तापलेल्या तांब्यावर हवेंतील प्राणवायूमुळें काळा पापुद्रा धरतो. नवसागरानें तो निघून जातो आणि वितळलेल्या कथलास उघडें, स्वच्छ तांबें भेटतें. पापुद्रा जेथें राहील तेथें कल्हई धरत नाहीं. विजेच्या मुलाम्याचेंही असेंच आहे. फरक इतकाच कीं, कल्हईंत धातु वितळवून लावितात आणि येथें तो द्रावणांतून विजेच्या प्रवाहानें कणाकणानें बसवितात. खालचा पृष्ठभाग तेलकट असला, गंजलेला असला, किंवा नुसता हात लागल्यामुळें मळला असला, तरी वरचा थर बसतो खरा, चमकतोही, आणि कांहीं दिवसांनीं फोड येऊन निघून जातो. प्रथम फसवावयाचें व मागाहून उघडें पाडावयाचें, हा ह्या मुलाम्याचा स्वभावच आहे.

आमच्या विज्ञानाच्या वर्गांत मोरचुदाच्या पाण्यांत लोखंडी खिळा बुडवून दाखवितात. क्षणांत खिळा तांबडा होतो व मुलें आनंदित होतात. पण तो खिळा बाहेर काढून चिंधीनें पुसून पाहावा. तांबें हातावर येतें! लोखंड द्रावणांत विरघळतें व त्याच्या जागीं तांबें घाईघाईनें पडतें; त्या घाईमुळें तें सैल, भुसभुशीत राहतें. म्हणून लोखंडावर तांब्याचा टिकाऊ मुलामा द्यावयाचा असतां कारागीर साध्या मोरचुदाचें द्रावण प्रथम वापरीत नाहींत. जेथें तांबें इतक्या उतावळेपणानें सुटत नाहीं, अशा निराळ्या द्रावणांत आधीं एक पातळ अस्तर देतात, आणि मग जाड थर चढवितात.

आतां एडिसनकडे येऊं. त्याचा जन्म अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत मिलान नांवाच्या गांवीं ११ फेब्रुवारी १८४७ रोजीं झाला. तो सात वर्षांचा असतां त्याचें कुटुंब मिशिगन संस्थानांतील पोर्ट ह्यूरन येथें राहावयास गेलें. शाळेंत तो जेमतेम कांहीं महिने होता. त्याची आई नॅन्सी ही पूर्वीं शिक्षिका होती. तिनें त्यास घरींच शिकविलें आणि पुस्तकांतील प्रयोग करून पाहावयाची मोकळीक दिली. तळघरांत बाटल्यांची रांग लागली. बाराव्या वर्षीं तो आगगाडींत वर्तमानपत्रें व खाऊ विकूं लागला आणि सामानाच्या डब्याच्या एका कोपऱ्यांत त्यानें आपल्या बाटल्या नेऊन ठेविल्या. डबा हालतां हालतां फॉस्फरसची कांडी खालीं पडून पेटली व त्याची प्रयोगशाळा गाडीबाहेर गेली, ही कथा सर्वांनीं ऐकलेली आहे. त्याच सुमारास त्यास ऐकूं कमी येऊं लागलें. पुढें तें इतकें वाढलें कीं, ज्यानें जगाला आवाज सांठवून दिला तो स्वतः मोठ्या कष्टानेंच ऐकूं शके.

१८६२ सालीं एका स्टेशनमास्तराच्या लहान मुलास त्यानें रुळांवरून ओढून वांचविलें आणि त्या उपकाराच्या फेडीदाखल त्या गृहस्थानें त्यास तारयंत्र शिकविलें. तारायंत्रांना वीज पुरविणाऱ्या घटांशीं त्याचा संबंध येथून जडला. १८६७ सालीं लुईव्हिल येथील तारकचेरींत रात्रपाळीस असतांना तो एका शिशाच्या घटाशीं खटपट करीत होता. गंधकाम्ल सांडलें, फळ्यांतून खालच्या मजल्यावर झिरपलें आणि साहेबाच्या मेजावर व गालिच्यावर पडलें. दुसऱ्या दिवशीं नोकरी गेली. शिसें व अम्ल यांजविषयीं त्याच्या मनांत पुढें जी अढी दिसते, तिचा आरंभ येथेंच झाला असावा, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु तें आमचें अनुमान समजावें.

यानंतरचा भाग वेगानें सांगतों. १८६८ सालीं बॉस्टन, १८६९ सालीं न्यूयॉर्क, १८७६ सालीं मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळा, १८७७ सालीं फोनोग्राफ, १८७९ सालीं टिकाऊ दिवा, १८८२ सालीं न्यूयॉर्कच्या पर्ल रस्त्यावरील वीजकेंद्र, आणि १८८७ सालीं वेस्ट ऑरेंज येथील मोठी प्रयोगशाळा. इतकें वैभव एका दमांत उरकलें याबद्दल वाचकांनीं रागावूं नये. १८९० नंतरच्या दशकांत मात्र त्याचा ग्रह फिरला. न्यू जर्सींतील हलक्या प्रतीच्या खनिजाची पूड करून चुंबकानें लोखंड वेंचावयाचा त्यानें प्रचंड कारखाना उभारला. इतक्यांत पश्चिमेकडे मिनेसोटा संस्थानांत उत्तम व स्वस्त लोहखनिजाचे सांठे उघडले गेले, आणि त्याचा कारखाना बंद पडला. दिव्याच्या धंद्यांत मिळविलेल्या संपत्तीचा फार मोठा भाग त्यांत बुडाला. त्या वेळीं तो पन्नाशी ओलांडलेला, कानांनीं जवळ जवळ बहिरा असा गृहस्थ होता. दुसरा कोणी असता तर आहे तें संभाळून बसता. एडिसननें १८९९ च्या सुमारास नवीन विद्युत्‌घटाचें काम हातीं घेतलें.

घटाकडे जाण्यापूर्वीं त्याच प्रयोगशाळेंतील दुसरें एक काम सांगितलें पाहिजे. कारण तेथें अडचण नेमकी उलट होती. फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांच्या हुबेहूब प्रती काढावयाच्या, तर मूळ नळकांड्याचा धातूचा साचा हवा. मेणांतून वीज वाहत नाहीं. मग त्यावर मुलामा कसा द्यावा? एडिसननें मेणाचें नळकांडें निर्वात पात्रांत ठेवून सोन्याच्या दोन टोकांमध्यें विजेची ठिणगी पाडली. सोन्याची वाफ होऊन तिचा कल्पनातीत पातळ थर मेणावर बसला. त्या सोन्यावर विजेनें तांब्याचा जाड थर चढविला. नंतर मेण थंड करितांच तें आकसून साच्यापासून सुटलें आणि आवाजाची बारींक रेघन् रेघ सोन्याच्या आंतील बाजूस उमटलेली राहिली. येथें सोन्यानें तांब्यास घट्ट धरावयाचें व मेणास सोडावयाचें होतें! ह्या साच्यांतून काढिलेलीं नळकांडीं १९०२ सालीं बाजारांत आलीं. मेणाचें मिश्रण व साच्याची रीत बसविण्यांत जोनास एल्सवर्थ ह्या त्याच्या रसायनशास्त्रज्ञाचा वांटा मोठा होता. परंतु सामान्य चरित्रांतून त्याचें नांव सहसा येत नाहीं, हें बरें नव्हे.

त्या काळीं अमेरिकेच्या शहरांतून विजेवर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ होत्या. त्यांचे घट शिशाचे. वजनानें भारी, अम्लानें भरलेले, आणि धक्क्यांनीं लवकर निकामी होणारे. एडिसनला अम्लाऐवजीं पोटॅशचें क्षारयुक्त द्रावण व शिशाऐवजीं हलके आणि टणक धातु हवे होते. शोधतां शोधतां तो एका बाजूस लोखंड व दुसऱ्या बाजूस निकेलचें संयुग ह्या जोडीपाशीं आला. ह्याच वेळीं स्वीडनमध्यें वाल्डेमार युंगनर हा शास्त्रज्ञ त्याच जातीच्या घटांवर स्वतंत्रपणें काम करीत होता. दोघांमध्यें पेटंटांवरून तंटा झाला. युंगनरची बाजू धनाच्या अभावीं लंगडी पडली. तथापि ह्या शोधाचें श्रेय एकट्या एडिसनला देणें न्यायाचें होणार नाहीं.

ह्या घटाची सर्व रचना पोलादाच्या पातळ पत्र्याची होती. पत्र्याला बारींक छिद्रें पाडून त्याचे लहान लहान कप्पे करावयाचे, त्यांत लोखंडाची किंवा निकेलची भुकटी दाबून भरावयाची, आणि हे कप्पे पोलादाच्या डब्यांत पोटॅशच्या द्रावणांत उभे करावयाचे. निकेलच्या बाजूस पोलाद उघडें पडलें तर तें खराब होतें व त्याचा उपसर्ग आंतील द्रव्यासही पोहोंचतो. म्हणून सर्व पोलादावर निकेलचा मुलामा अवश्य होता. पण साधा मुलामा दिलेला पत्रा वाकविला, दाबला, छिद्रित केला कीं निकेलचा थर सालपटासारखा उचलला जाई. ह्यास कारणें एकाहून अधिक आहेत. विजेनें बसलेलें निकेल मूळचेंच ताणलेल्या स्थितींत असतें. जणू कांहीं आखडूं पाहणारें कातडें. त्यांतून मुलामा देतांना निकेलबरोबर थोडा हायड्रोजन वायुही सुटतो व धातूंत शिरून त्यास ठिसूळ करितो. आणि पोलाद व निकेल यांच्यामध्यें गंजाचा दिसेल न दिसेल असा पापुद्रा राहिलेला असला, तर मग विचारावयासच नको. भिंतीस रंग देणाऱ्या गवंड्याला हें समजावें लागत नाहीं: धुळीवर दिलेला रंग धुळीसच चिकटतो, भिंतीस नाहीं.

एडिसननें काढिलेली युक्ति कल्हईवाल्याच्या बुद्धीशीं नातें सांगणारी आहे. मुलामा दिलेला पत्रा त्यानें हायड्रोजन वायूनें भरलेल्या भट्टींतून लाल होईपर्यंत तापवून काढिला. उघड्या हवेंत तापविला असता तर तो काळा पडून फुकट गेला असता. परंतु हायड्रोजनमध्यें नवा गंज धरत नाहीं, आणि उरलासुरला असेल त्यांतील प्राणवायु काढून घेतला जातो. उष्णतेनें निकेलमधील ताण सैल होतो. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, दोन्हीं धातूंचे कण सीमा ओलांडून एकमेकांत शिरतात. पूर्वीं निकेल पोलादावर बसलें होतें. आतां तें पोलादांत रुजलें. असा पत्रा कसाही मुडपला तरी थर निघत नसे.

इतकें झाल्यावर यश आलें असें वाचकांस वाटेल. १९०१ सालीं घटाची कंपनी स्थापन झाली होती, १९०३-०४ च्या सुमारास घट विक्रीस आले, आणि एडिसननें वर्तमानपत्रांतून त्यांची भरमसाट तारीफही करून ठेविली. ही त्याची जुनी खोड होती. वस्तु पुरती सिद्ध होण्यापूर्वींच तो तिचा डंका वाजवी. थोड्याच काळांत तक्रारी येऊं लागल्या. डब्यांचे सांधे पाझरत होते. निकेलचें संयुग वीज नीट वाहून नेत नाहीं, म्हणून त्यांत ग्रॅफाइटच्या पातळ कपच्या मिसळल्या होत्या. त्या फुगून झडूं लागल्या व घटांची शक्ति घटूं लागली. सर्वच घट वाईट नव्हते. कित्येक गिऱ्हाइकें आणखी मागणी करीत होतीं. व्यापारी दृष्टीनें पाहतां विक्री चालूं ठेवून हळू हळू सुधारणा करणें सोयीचें होतें. एडिसननें १९०४ सालीं उत्पादन थांबविलें, सदोष घट परत घेतले, आणि पुन्हां प्रयोगाच्या मेजापाशीं जाऊन बसला. लोहखनिजांत हात पोळलेल्या मनुष्यानें, कर्जाचा व लोकांच्या थट्टेचा भार सोसून, हें केलें. आमच्या मतें त्याच्या आयुष्यांतील हा निर्णय दिव्याहूनही अधिक विचार करण्याजोगा आहे.

पुढचीं पांच वर्षें परीक्षणांत गेलीं. हजारो घट भरले गेले, रिकामे झाले, पुन्हां भरले गेले. मजल्यावरून खालीं टाकून त्यांची परीक्षा केली जात असे, असें सांगतात. ग्रॅफाइटला पर्याय म्हणून शेवटीं जी वस्तु निघाली, तिची कृति ह्या चरित्रांतील सर्वांत सुंदर कारागिरी होय. एक धातूचें नळकांडें आळीपाळीनें तांब्याच्या व निकेलच्या द्रावणांत फिरवावयाचें. त्यावर तांबें, निकेल, पुन्हां तांबें, पुन्हां निकेल, असे शंभराहून अधिक थर चढवावयाचे. तयार झालेला पत्रा सोलून काढावयाचा. त्याचे तिळाएवढे चौकोनी तुकडे कापावयाचे. आणि ते अशा द्रावणांत टाकावयाचे कीं, ज्यांत तांबें विरघळेल पण निकेल विरघळणार नाहीं. तांबें निघून जातांच प्रत्येक तुकड्यांतून निकेलच्या शंभरावर पाकळ्या मोकळ्या होत. एकेका पाकळीची जाडी मिलिमीटरच्या सुमारें हजाराव्या भागाइतकी! हातावर घेतल्यास फुंकरीनें उडून जावी अशी. येथें मुलाम्याकडून तीन निरनिराळ्या गोष्टी मागितल्या होत्या: नळकांड्यावरून पत्रा सहज सुटावा, कापतांना थर एकमेकांस धरून राहावेत, आणि अखेरीस प्रत्येक थर एकटा व्हावा. ज्यास पोलादावर निकेल रुजवितां आलें, त्यासच हें सुटें करणेंही साधलें.

कप्प्यांच्या जागीं आतां पेन्सिलीएवढ्या जाडीच्या व सुमारें साडेचार इंच लांबीच्या छिद्रित नळ्या आल्या. त्यांजवर मजबुतीसाठीं पोलादाच्या कड्या बसविल्या. प्रत्येक नळींत निकेलच्या संयुगाचा एक थर, पाकळ्यांचा एक थर, असे तीनशेंहून अधिक थर यंत्रानें ठोकून भरीत. डब्यांचे सांधे डाग देण्याऐवजीं वितळवून जोडले जाऊं लागले. १९०९ सालीं नवा घट बाजारांत आला, आणि तो टिकला.

परंतु काळ कोणासाठीं थांबत नाहीं. फोर्डची स्वस्त पेट्रोलची मोटार १९०८ सालींच निघाली होती. ज्या विजेच्या गाड्यांकरितां घट केला, त्यांचे दिवस भरत आले होते. १९१२ पासून मोटारी बटन दाबून सुरू होऊं लागल्या. पण त्या कामास एकदम पुष्कळ वीज देणारा शिशाचाच घट सोयीचा पडला, कारण एडिसनचा घट थंडींत मंदावत असे. त्याला गिऱ्हाईक मिळालें तें दुसरीकडे: आगगाडीच्या डब्यांतील दिवे, रेल्वेचे सिग्नल, कारखान्यांतील माल वाहणाऱ्या गाड्या, आणि खाणकामगारांच्या टोपीवरील दिवे. खाणींत उघडी ज्योत म्हणजे स्फोटास आमंत्रण. कमरेस बांधलेला हा लहान घट व कपाळावरील बंदिस्त दिवा यांनीं किती कामगारांचे प्राण वांचविले असतील, त्याची मोजदाद कोठून असणार? पैशाच्या दृष्टीनेंही हा घट एडिसनच्या उत्तर आयुष्यांतील मोठ्या लाभाच्या वस्तूंपैकीं एक ठरला.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजीं वेस्ट ऑरेंज येथें चौऱ्यायशींव्या वर्षांनंतर निवर्तला. त्याच्या मुलाम्याच्या अडचणी त्याच्याबरोबर गेल्या नाहींत. आजही मुलामा देणाऱ्या कारखान्यांत पहिलें काम असतें तें धुण्याचें: तापलेल्या क्षारानें तेल काढणें, अम्लांत बुडवून गंज काढणें, आणि मध्यें मध्यें पाण्यानें खळाळणें. धुऊन उभ्या केलेल्या पत्र्यावर पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ समजावा. पाणी तुटून थेंब थेंब झालें तर कोठें तरी तेल आहे. ही परीक्षा कोणाही विद्यार्थ्यानें घरच्या ताटावर करून पाहावी. तयार मालांतून एखादा नग काढून तो वाकवून पाहतात, किंवा तापवून एकदम थंड पाण्यांत टाकितात. मुलामा खोटा असेल तर फोड उठतो. पोलादी भागांत शिरलेला हायड्रोजन निघून जावा म्हणून ते मुलामा दिल्यावर कांहीं तास मंद आंचेवर ठेवण्याचीही चाल आहे.

एडिसनच्या कंपनीचा घट त्याच्यामागें चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेंत निघत राहिला. १९७० नंतरच्या दशकांत त्याचें उत्पादन तेथें बंद झालें. जुन्या घटांचे शोकी संग्राहक अजूनही सांपडलेले डबे उघडून त्यांतील सुकलेलें पोटॅश धुऊन काढितात, नवें द्रावण भरतात, आणि त्यांपैकीं कांहीं घट पुन्हां वीज देऊं लागतात. आंतील पत्र्यावरचें निकेल तेव्हांही जागेवरच असतें.